फेरीवर जाणाऱ्या हातांना आधी काम द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वीस-बावीस वर्षांची काही मुलं-मुली मिळून काम करतात. दसरा-दिवाळी झाली की गावातले कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, ऊसतोडीला जातात आणि वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं तेवढी मागे राहतात. हा गट आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे फेरी मारतो, गोळ्या संपल्या का बघतो, बीपी मोजतो, किराणा पोचवतो. त्यांनी लिहिलंय, "बीपीचा पट्टा काढला तरी आजी आमचा हात सोडत नाहीत. काही जणी हात धरून रडतात आणि मग म्हणतात, आता बरं वाटलं. याने खरंच काही होतं का? होत असेल तर ते ठरवून करावं का? आणि काय जपावं?"

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीनंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते आणि तुमच्यासारख्या पोरापोरींना घरच्या शुश्रूषेचं शिकवते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: होतं. ठरवून करावं का, याचं उत्तर मात्र सविस्तर द्यावं लागेल, कारण आपल्या मराठवाड्यात कोणी कोणाला हात लावायचा हे आपण जन्माला यायच्या आधीच ठरलेलं असतं. ते समजून न घेता "चला, प्रेमाने हात फिरवू" म्हणत निघालात तर दुसऱ्या फेरीलाच अडखळाल.

आधी शरीरात काय घडतं ते बघू. स्पर्शाची खबर मेंदूला देणारे तंतू एका जातीचे नसतात. काही फार वेगाने खबर पोचवतात: काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत. त्यांच्या जोडीला संथ चालीचे बारीक तंतू असतात, त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. हलक्या आणि सावकाश फिरणाऱ्या हाताला हे तंतू जागे होतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाला त्यांची साद असते, सर्वांत जास्त ३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि हात अंगाइतका कोमट असला तर आणखी. त्यांची खबर मेंदूच्या अशा भागाकडे जाते जिथे शरीराला कसं वाटतंय याची जाणीव आणि भावना एकत्र येतात. लव असलेल्या कातडीत ते भरपूर असतात, म्हणजे हाताची मागची बाजू, दंड, पाठ, डोकं. तळहातात अगदी विरळ. म्हणून आजींनी तळहात धरला तर धरू द्या, पण तुमचा दुसरा हात त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत फिरू द्या. एवढ्या अंतराला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. करून बघाल तर लक्षात येईल की आपल्याला भराभर चोळायची सवय असते, आणि सात सेकंद किती लांब असतात ते. हात गार असतील तर आधी एकमेकांवर घासून घ्या. डिसेंबरात डोंगरावरच्या सकाळी गार हात अंगाला लागला की म्हातारं माणूस दचकतं आणि पुढचं सगळं वाया जातं.

अनोळखी माणसाच्या हाताने काय होणार, अशी शंका तुमच्या मनात असेल. २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. विवाहित बायकांना एमआरआय यंत्रात ठेवून, विजेचा हलका झटका बसणार अशी सूचना द्यायची आणि त्या वेळी मेंदूत काय होतं ते बघायचं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सर्वांत कमी झाली. पण अगदी अनोळखी माणसाचा हात धरला तरी, कोणीच हात न धरण्यापेक्षा फरक पडला. पुढे २०२४ मध्ये शंभरहून अधिक अभ्यास आणि जवळपास तेरा हजार माणसं यांचा एकत्र आढावा निघाला. स्पर्शामुळे वेदना, चिंता आणि मनाची उदासी कमी होते, असं त्यात दिसलं. मोठ्या माणसांच्या बाबतीत स्पर्श जवळच्या माणसाने केला की प्रशिक्षित परक्याने, याने मोठा फरक आढळला नाही. नवजात बाळांना मात्र आईबापाचाच हात जास्त मानवला. तुमच्या कामाची गोष्ट त्यात पुढे आहे: एकेका वेळेला किती मिनिटं, यापेक्षा किती वेळा, याला जास्त महत्त्व निघालं. तेव्हा आठवड्यातून एकदा सगळा गट मिळून अर्धा दिवस घालवण्यापेक्षा दोन-दोन जण वाटून घ्या आणि प्रत्येक घरी आठवड्यातून दोनदा जा. वीस मिनिटं पुरतात.

बाळांचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते, कारण तुमच्या फेरीत एखादी बाळंतीण येईलच. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायची पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांतही ती कांगारू मदर केअर या नावाने चालते. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णालयातून घरी आलेल्या आईला शेतातल्या आणि घरातल्या कामातून वेळ होत नसेल तर सासूने, आजीने, बापानेही छातीशी घ्यावं. मराठवाड्यातला बाप आधी लाजतो. एकदा बाळ त्याच्या छातीवर झोपलं की परत द्यायला तयार नसतो. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता मर्यादा. हात फिरवल्याने बीपी कायमचं उतरत नाही, साखर कमी होत नाही, गाठ विरघळत नाही. तुमच्याकडून असं एक वाक्यही जाता कामा नये. आपल्याकडे "त्याच्या हाताला गुण आहे" ही बातमी दोन गावं ओलांडायला एक बाजार पुरतो, आणि मग लोक गोळ्या बंद करून दारात रांग लावतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो माहीत असू द्या. अंगाला हात न लावता वरून हात फिरवून "ऊर्जा" दिल्याचा दावा करणारेही शहरांतून येतात. अमेरिकेत एका शाळकरी मुलीने साध्या प्रयोगातून त्याची पारख केली होती. पडद्याआड तिचा हात उपचारकाच्या उजव्या हातावर आहे की डाव्या, हे त्यांना ओळखता येईना. १९९८ साली तो प्रयोग वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २१ उपचारकांची उत्तरं निम्म्याहूनही कमी वेळा बरोबर होती. आपण बोलतोय तो खराखुरा, कातडीला कातडी लागणारा स्पर्श. त्याचं काम वेदना सुसह्य करणं, भीती उतरवणं, झोप लागायला मदत करणं. औषध औषधाच्या जागी चालूच राहतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ठरवून करा, पण त्याला वेगळा उपक्रम करू नका. वृद्धाश्रमात जाऊन ओळीने मिठ्या मारणारे आणि त्याचे फोटो काढणारे गट मी पाहिलेत. सत्तर वर्षांत ज्या आबांना बायकोनेही चारचौघांत हात लावला नाही, त्यांना अनोळखी पोरीने मिठी मारली की ते लाकडासारखे ताठ होतात. त्यांना त्यातून काय मिळालं? आपल्या माणसांना अंगाला झालेला स्पर्श कामाच्या वाटेने आलेला चालतो. न्हाऊ घालणारा हात, डोक्याला तेल लावणारा, पाय चेपणारा, काटा काढणारा, दृष्ट काढून आलाबला घेणारा. आजी नातवाच्या कानशिलावर हात फिरवून कडाकडा बोटं मोडते, त्यात तिला "मी तुला प्रेम देते" असं म्हणावं लागत नाही. तुम्हीही हाताला काम द्या. माया त्या कामाच्या मागोमाग आपोआप येते आणि कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

सगळ्यांत चांगलं काम म्हणजे पाय. एक घर सांगते. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडीवर एक आजी, सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. मुलगा-सून तोडीला गेलेले. आजी लंगडतात म्हणून आम्हाला बोलावणं आलं, गुडघे असतील असं वाटलं होतं. बघितलं तर पायाच्या अंगठ्याचं नख वळून शेजारच्या मांसात शिरत चाललेलं. डोळ्यांना दिसत नाही, कंबर वाकत नाही, नखं कापणार कोण? घरातली परात घेतली, कोमट पाणी केलं. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने पाय धरले तशी आजींनी ते मागे ओढले. "लेकरा, माज्या पायाला नगं हात लावू, माती भरलीया." ती मुलगी म्हणाली, "मग नखं कापू का परवा येऊन?" आजी हसल्या आणि पाय पुढे झाले. दहा मिनिटं पाय पाण्यात ठेवले तेव्हा कुठे नख मऊ पडलं. शिंगासारखं जाड नख एका दमात कापायचं नसतं. कडेकडेने थोडं थोडं, सरळ रेषेत, कोपरे आत गोल न करता. शिरलेला भाग आम्ही ओढला नाही, त्यासाठी त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. बाकीची नऊ नखं कापून, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, भेगांना खोबरेल लावलं. बेचक्यांत तेल लावू नका, तिथे ओल राहून बुरशी होते. हे सगळं होईपर्यंत आजींनी लेकाच्या लग्नापासून ते मोटारीच्या पाण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं होतं. समोरासमोर बसून "मन मोकळं करा" म्हटलं असतं तर चार वाक्यांपुढे गोष्ट गेली नसती. पाय दुसऱ्याच्या हातात असताना माणसाची नजर मोकळी असते, आणि नजर मोकळी असली की जीभही सुटते.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका. त्यांच्या पायांना संवेदना कमी असू शकते, पाणी चटका बसण्याइतकं गरम असलं तरी ते "बरं वाटतंय" म्हणतील. पाणी तुमच्या कोपराने बघा. त्यांचे पाय फार वेळ भिजवू नका, पातीने कुरूप किंवा भेगा तासू नका, आणि जखम दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा.

दुसरं काम डोक्याला तेल. मराठवाड्यात घरोघरी करडईचं किंवा खोबऱ्याचं तेल असतंच, ते त्यांच्याच घरातलं घ्या. बाटली विकत नेऊ नका. आपल्या घरचं तेल वापरायला दिलं की आजी यजमान होतात, आणि आपण पाहुणे. फरक पडतो. तिसरं काम अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलणं, ओल्या फडक्याने अंग पुसणं. त्याची पद्धत आधी शिकून घ्या. दोन तासांनी कूस बदलायला घरात कोणी नसेल तर शेजाऱ्यांत पाळ्या लावून द्याव्या लागतात, आणि ते काम तेल लावण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

आता परवानगीचं. "हात लावू का?" असं पुस्तकी विचारलं तर आजी गोंधळतील. कामाचं विचारा: "याडी, केस विंचरून देऊ?" "आबा, पाय चेपू का जरा?" तांड्यावर याडी, म्हणजे आई, म्हटलं की अर्धी परवानगी मिळालेली असते. उरलेली अर्धी त्यांच्या अंगावरून वाचायची. खांदे खाली आले, श्वास लांबला, तर चालू ठेवा. हात आखडला, मान वळली, बोलणं एकदम थांबलं, तर तोंडाने "राहू दे" म्हणायची वाट न बघता थांबा. विसरायला लागलेल्या माणसाकडे मागून कधीच जाऊ नका. समोरून, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसून, आपला तळहात उघडा पुढे करा आणि त्यांनी हात ठेवायची वाट बघा.

सुरुवातीला मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पाया पडणं. यात पहिला स्पर्श तुमचा असला तरी दुसरा त्यांचा असतो. वाकलात की म्हाताऱ्या माणसाचा हात आपोआप तुमच्या डोक्यावर, पाठीवर येतो. महिनोन्महिने ज्यांनी कोणाला हात लावला नाही, त्यांना तो लावायला मिळतो. नुसतं घेण्यापेक्षा द्यायला मिळणं हे म्हातारपणी फार मोठं असतं. वारीत लहान-मोठा न बघता सगळे एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात, ती रीत पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत कितीतरी वर्षं आपण बघत आलोय.

आणि नाथांचं नाव घेतलं की जातीचं बोलावंच लागतं. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं, अस्पृश्य म्हणून कोणी न उचललेलं लेकरू एकनाथांनी कडेवर घेतलं, ही कथा मराठवाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आज किराणा वाटताना हात कुठे थबकतो ते तुमच्या फेरीत डोळे उघडे ठेवून बघा. एका आळीत पोरं ओसरीवर बसतात, चहा घेतात, आजींच्या खांद्यावर हात ठेवतात. दुसऱ्या आळीत पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून, नाव टिपून निघतात. कोणी मुद्दाम करत नसेल, पण त्या घरातल्या आजींनी आयुष्यभर हेच पाहिलेलं असतं आणि त्यांना ते लगेच कळतं. कायद्याने अस्पृश्यता संपवली ती संविधानाच्या कलम १७ ने, पण कातडीत बसलेली भीती काढायला कातडीच लागते. गटाचा नियम म्हणून लिहून ठेवा: जे एका घरी करू ते प्रत्येक घरी, त्याच हातांनी, तिथलंच पाणी पिऊन. पाटलाच्या घरच्या मुलाने बौद्धवाड्यातल्या आजीच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा त्या आजी आधी भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकल्या होत्या. पुढच्या फेरीला त्यांनीच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाव विचारलं.

उलटंही घडतं. तुमच्या गटातल्या एखाद्या मुलीची जात विचारून एखाद्या आजी तिचा हात नाकारतील. तेव्हा काय करायचं? आजींच्या अंगाला कोणी हात लावावा हे ठरवायचा हक्क आजींचा आहे, तो मोडू नका. पण त्यांना "चालणारी" दुसरी मुलगीही पाठवू नका. त्या दिवशी गोळ्या द्या, बीपीचं विचारा, गोड बोलून उठा. पुढच्या वेळीही तीच मुलगी जाईल. मला हे कठोर वाटत नाही. माणूस बदलून दिला तर गटाने त्या मुलीला आजींपेक्षाही जास्त दुखावलं असं होईल. आणि फेरीनंतर त्या मुलीजवळ बसा. तिच्याच पाठीवर हाताची गरज असते त्या संध्याकाळी.

तसंच विधवा बायकांचं. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या तरुण बायका मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आहेत. नवऱ्याच्या दहाव्या-तेराव्याला बांगड्या फोडणारे, कुंकू पुसणारे हात तिच्या अंगावर येतात आणि त्यानंतर सगळे हात थांबतात. हळदी-कुंकवाला बोलावणं नाही, ओटी नाही, लग्नात नवरीला हळद लावायची नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेतही तो विषय मांडा. पण ठरावाची वाट बघू नका. तुमच्या गटातल्या मुलींनी संक्रांतीला अशा घरी जाऊन तिळगूळ द्यावा, ती हो म्हणाली तर तिला हळद-कुंकू लावावं, बांगड्या भराव्यात. बांगडी भरताना हात किती वेळ हातात राहतो! हे काम मुलींनीच करायचं, आणि घरातल्या सासूला सोबत घेऊन. नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलणी तिलाच बसतील.

कुष्ठरोगाची भीती अजून गेलेली नाही. हा आजार उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, नाकातोंडातल्या थेंबांतून पसरतो. हात लावल्याने, सोबत जेवल्याने होत नाही. बहुविध औषधोपचार सुरू झाला की काही दिवसांतच दुसऱ्याला लागण्याची शक्यता जवळपास संपते, आणि ती औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. यातल्या अनेकांच्या हातापायांना संवेदना नसते, म्हणून तळव्यावर हात फिरवून त्यांना कळणार नाही. खांदा, पाठ, डोकं, जिथे कळतं तिथे हात ठेवा, आणि तळवे मात्र डोळ्यांनी नीट तपासा. चटके, फोड, रुतलेला काटा त्यांना जाणवत नाही. एचआयव्हीबद्दलही तेच: हात धरल्याने, जवळ घेतल्याने काही होत नाही. औसा तालुक्यातल्या हासेगावच्या सेवालयात अशी मुलं वाढली आहेत, जमल्यास गटाने एकदा जाऊन बघा.

हात कुठे लावू नये तेही सांगून ठेवते. एकाच पायाची पोटरी सुजून, दुखरी, गरम झाली असेल तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, सरळ दवाखाना गाठा. पडून असलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर लाल चट्टा दिसला तर तिथे मालिश करू नका, त्याने आतली कातडी आणखी फाटते. नुसता भार काढा. गाठीवर, किरणोपचार झालेल्या जागेवर, भाजलेल्या जागेवर दाब नको. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्यांना जरा जोरात धरलं तरी काळे-निळे डाग पडतात. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज येत असेल तर खरूज असेल, आधी औषध, तोवर लांबूनच सोबत. तुमची नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या, प्रत्येक घराआधी आणि नंतर साबणाने हात धुतलेले असले पाहिजेत. नवजात बाळाला मोहरीचं तेल नको, त्याच्या कातडीचं नुकसान होतं.

लहान मुलांच्या बाबतीत माझे नियम कडक आहेत. आजीकडे ठेवलेली मुलं मायेला भुकेली असतात, येऊन गळ्यात पडतात. त्यांना झटकू नका, पण नेहमी उघड्यावर, दोघे जण असताना, आणि मूल येईल तेवढंच. कोणालाही मांडीवर ओढून घेऊ नका, पापा मागू नका. त्यांना नकोसा वाटणारा स्पर्श कोणता आणि तो झाला तर कोणाला सांगायचं हेही शिकवा. काही कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. मोठ्या माणसांतही, विशेषतः घरात मारहाण सोसलेल्या बाईला, अचानक आलेला हात मायेचा वाटेलच असं नाही.

संकटाच्या वेळी तर हे जास्तच जपावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या पिढीने पाहिली. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, आणि चार वाजायच्या आत लातूर-धाराशिवची गावंच्या गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. दहा हजारांच्या घरात माणसं दगावली. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. मदतीला आलेले लोक कोणालाही मिठीत घेत होते आणि काही बायका त्या मिठीतून सुटायला धडपडत होत्या. निवाऱ्याच्या शेडमध्ये शेजारच्या गावची एक मावशी रोज यायची, हातात फणी आणि तेलाची वाटी. ज्या बाईच्या डोक्यात अजून माती होती तिच्यामागे बसायची, विचारायची, "माय, गुता काढू का?" होकार आला की बटा एकेक करून सोडवायची. माती झाडायची. काही विचारायची नाही. तिच्या हाताखालीच मी बायकांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला आजही स्वयंसेवकांना शिकवताना तिचीच पद्धत शिकवावीशी वाटते.

तुमच्या गटातल्या दोघी-तिघींनी वेगळं कळवलंय की वास येतो, किळस येते, आणि त्याची लाज वाटते. लाज कशाला? नाकाला वास येणारच. आधी खिडकी उघडा, अंथरूण उन्हात टाका, पाणी आणि साबण आणा, मग जवळ बसा. पहिल्या महिन्यात डोक्याला तेल आणि हाताची नखं एवढंच करा. पाय आणि अंग पुसणं नंतर. आणि ज्यांना मुळातच कोणाला हात लावणं नको वाटतं त्यांनी गोळ्यांची वही सांभाळावी, ते कामही तितकंच लागतं.

प्रत्येक भेटीतून उठताना पुढचा वार सांगून उठा आणि तो पाळा. "येते लवकर" म्हणू नका. एकट्या माणसाला "लवकर" मोजता येत नाही, बुधवार येतो. स्वतः जमणार नसेल तर दुसऱ्याला पाठवा आणि निरोप द्या.

शेवटचं, वेळेचं. पुढच्या वर्षी टोळ्या हलायच्या आधी, दसऱ्याच्या आठ-पंधरा दिवस अगोदर, प्रत्येक घरच्या लेक-सुनेला भेटून घ्या. आईला कुठलं औषध, कुठे दुखतं, कोणी हात लावलेला चालतो, कोणाशी बोलणं नाही, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांचा आणि मुकादमाचा फोन नंबर घ्या. कोपीवरून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून, फोन आला की आजींना कानाला लावून देता येईल. जाताना सुनेच्या हाताने एकदा सासूचे पाय धुवून घेतले तर उत्तम. गुढीपाडव्याच्या सुमाराला ती परत येईल तेव्हा नखं कशी कापायची, पोटरी कधी चोळायची नाही, हे तिला आधीच माहीत असेल. मग तुमचा गट त्या घरी फक्त बीपी बघायला गेला तरी चालेल.